तीट कुणी पुसायची

माजलगावच्या फोटो स्टुडिओतल्या त्या माणसाचं नाव मी विचारलं नाही. त्यालाच इतके प्रश्न होते की माझी पाळीच आली नाही.

"पासपोर्ट? एवढ्याशा लेकराला कावून?" आमच्या आठ महिन्यांच्या लेकीकडे बघत त्याने चष्मा कपाळावर सरकवला.

"व्हिएतनामला जातोय. होडीत राहायचं, डोंगरात हिंडायचं," बायको उत्साहाने म्हणाली.

"तिकडं कुणी हाय का तुमचं?"

"कुणी नाही. फिरायलाच."

पांढरा पडदा लावता लावता त्याने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. जणू मी कुणाची तरी पोर पळवून आणली होती. मला रागच आला. मग त्याने लेकीच्या गालावरची काजळाची तीट बोटाने दाखवली.

"ही फोटोत चालत न्हाई."

बायकोने रुमाल काढला. त्याने हात आडवा घातला.

"लावली कुणी?"

"आजीनं. आज सकाळी."

"आजीला ठाव हाय का, तुमी कुठं निघालात ते?"

बायकोने रुमालाची घडी घातली. घरून निघताना आईला आम्ही लस द्यायला जातोय असं सांगितलं होतं.

त्याने कॅमेऱ्यावर झाकण बसवलं.

"मग त्यांनाच घेऊन या. त्यांनी लावलीय, त्यांच्याच हातानं पुसू द्या."