दाढेवर दाढ बसेपर्यंत

आमच्या खुर्चीत माणूस तोंड उघडं ठेवून बसतो, त्यामुळे त्याला बोलता येत नाही. मग खाली उतरला, की सगळं एकदम बोलून टाकतो! पांढुर्ण्यात माझा दवाखाना आहे, वाकडे दात आणि जबडे सरळ करण्याचा. सौंसरलाही जाते. असे किस्से साठत गेले. हसवणारे थोडे, घशात अडकणारे जास्त.

*

रामाकोन्याचे वासुदेवभाऊ, संत्र्याच्या बागेत राबणारा माणूस. त्यांच्या मुलीचा वरचा जबडा इतका अरुंद, की वरच्या दाढा खालच्या दाढांच्या आत पडायच्या. टाळूला रुंदी वाढवणारा स्क्रू बसवला. रोज तो चावीनं जरासा फिरवायचा, ते काम बापाकडे. पुढच्या दातांत फट पडेल हे मी आधीच सांगितलं होतं. तरी फट दिसली आणि भाऊ मुलीला घेऊन धावत आले.

"मॅडम, लेकीचा जबडा फाडला म्या!"

"भाऊ, जबडा रुंद होतोय म्हणून फट पडली. नंतर बुजते ती."

ते लेकीकडे वळले. "तुले दुखत होतं का वं? मंग बोलली काहून नाही?"

"चावी फिरवताना तुम्हीच डोळे मिटून घेत होते, बाबा. मी कशी बोलू?"

*

सावरगावच्या प्रशांतचं जबड्याचं ऑपरेशन नागपूरला झालं. हाडात प्लेटा बसवल्या. "यंदा गोटमारीत जायचं नाही," असं मी बजावलं होतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या दोन काठांवरून पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांवर दगड मारतात, ती गोटमार. पुढच्या साली पोळा जवळ आला तशी त्याची आई एकटीच आली.

"हाड जुळलं का जी त्याचं?"

"एकदम पक्कं!"

तिचा चेहरा उतरला. "त्याच्या काकाचा डोळा गेला गोटमारीत. मागच्या साली तुमच्या धाकानं पोरगा घरी बसला. त्याले सांगा ना, का जबडा अजून कच्चाच आहे."

खोटं मला बोलवलं नाही. प्रशांत आला तेव्हा आईचं म्हणणं तेवढं जसंच्या तसं त्याच्या कानावर घातलं. त्या साली तो नदीवर गेला नाही, असं आईच सांगून गेली.

*

तिगावची वैशाली शाळेत शिकवायची. तिच्या दाढा टेकायच्या, पण पुढचे दात एकमेकांना भेटायचेच नाहीत. समोरून घास तुटायचा नाही, म्हणून स्टाफरूममध्ये ती भिंतीकडे तोंड करून जेवायची. आधी दात रांगेत आणले, मग ऑपरेशन झालं. कित्येक आठवडे नुसतं पातळ खाणं. खालचा ओठ बधिर. "हा ओठ माहा नाही वाटत, मॅडम," म्हणून रडली.

हळूहळू ओठ जागा झाला. एके दिवशी तपासून मी म्हटलं, "आता समोरच्या दातांनी खा. मऊ असेल ते."

सोबत तिची आई होती. तिनं पिशवीतून पिकलेला पेरू काढला आणि सवयीनं चाकूही काढला. वैशालीनं तिच्या हातातून पेरू घेतला. ओढणीचं टोक त्यावर पसरलं, वरून दात रोवले आणि तुकडा तोडला. मग ओढणी उलगडून तो आईपुढे धरला.

"घे आई, चिमणीच्या दातांनी तोडला. उष्टा नाही!"