लेस ओवलेल्या डीव्हीडी

“घ्या मॅडम, तुमच्या डीव्हीड्या,” म्हणत बडेबाबूंनी माझ्या टेबलावर जाडजूड फाइल आपटली. बडेबाबू म्हणजे आमचे हेडक्लार्क. फाइल उघडून मी कपाळावर हात मारला. डीव्हीडींच्या मधल्या भोकातून लाल लेस ओवून, कागदांसकट गच्च गाठ मारलेली. प्रत्येकीच्या चकचकीत बाजूवर ऑफिसचा गोल शिक्का.

“हे कोणी केलं?”

“मीच. सुटं काही ठेवाचं नाही, नियम हाये. अन् मधात भोक हायेच. पंच बी करा लागला नाही.”

मी तेव्हा भंडाऱ्याला, धरणाच्या पुनर्वसनाच्या ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळायचे. गावं बुडण्याआधी आमच्या लोकांनी घरोघरी जाऊन मोजणी केली होती आणि व्हिडिओ शूटिंगही. ते शूटिंग आता फक्त या डीव्हीडींवर उरलं होतं. गावं पाण्याखाली गेली होती.

बाहेर बाकावर सुमनबाई बसल्या होत्या, पवनीकडच्या एका बुडालेल्या गावच्या. नवीन गावठाणात त्यांना प्लॉट नाकारला होता, कारण रेकॉर्डला त्यांचं घरच नव्हतं. मुलाच्या सासुरवाडीला किती दिवस राहायचं, हा त्यांचा प्रश्न. बडेबाबू मात्र ठाम होते. “मोजणीले मी स्वतः गेलतो साहेब. या बाईचं घरच नव्हतं तिथं.”

साहेबांनी घड्याळ बघितलं. “व्हिडिओत घर दिसलं तर प्लॉट. नाही तर विषय संपला.”

त्या गावाची डीव्हीडी सोडवून ड्राइव्हमध्ये घातली. घरघर झाली आणि ती बाहेर आली. डीव्हीडी वाचतो तो लेझरचा बारीक किरण. तो चकचकीत बाजूनं आत शिरतो. वाटेत शाई, ओरखडा किंवा बोटाचा तेलकट ठसा आला की अडखळतो. इथे तर तिन्ही होती. वर्षानुवर्षं फाइलमधले कागद तिच्यावर घासत होते.

बडेबाबूंनी खिशातला रुमाल काढला आणि डीव्हीडी उचलून पितळेच्या ताटासारखी गोल गोल पुसायला घेतली.

“ठेवा खाली!” मी ओरडलेच.

“साफच करून राहिलो ना मॅडम! कायले चिल्लावता?”

डीव्हीडीवरची माहिती गोल रेघेत लिहिलेली असते. गोल पुसलं की नवा ओरखडा त्या रेघेवरूनच धावतो आणि सलग तुकडाच जातो. म्हणून मधून कडेकडे, सरळ पुसायचं. रेघेला आडव्या गेलेल्या बारीक ओरखड्याला ड्राइव्ह बरेचदा निभावून नेतो. मी डीव्हीडी कडेनं धरली. मऊ सुती कापडावर थोडं स्पिरिट घेऊन शिक्का उतरवला, मग साबणाच्या पाण्यानं ठसे काढले आणि पूर्ण वाळू दिली. साहेबांनी या काळात दोनदा चहा मागवला.

या खेपेला चित्र आलं. गल्ली, विहीर, कुणाची गुरं. मध्येच चित्र गोठलं. सुमनबाई दारात उभ्या होत्या, त्यांनी चौकट घट्ट धरली. ड्राइव्ह कुरकुरला आणि चित्र पुढे सरकलं.

मातीची ओसरी. दारात सुमनबाईच, शेणाच्या पोतेऱ्यानं हात भरलेले. हातात टेप घेतलेल्या एका माणसावर त्या डाफरत होत्या, “चपला भाईर काढा! आताच सारवलं हाये, दिसत नाही का?”

तो माणूस वळला. बडेबाबू!

साहेब सावकाश त्यांच्याकडे वळले. “घर नव्हतं म्हणालात ना?”

“ते… साहेब, चपलेच्या भानगडीत मोजाचं राहून गेलं असन.”

साहेबांनी तिथल्या तिथे सही केली. सुमनबाई मात्र जाईनात. “मॅडम, अजून एक डाव लाव ना माय. ओसरी दिसली, पण धान्याची कोठी दिसाच्या आधीच बंद केलं साहेबानं.” मी लावली. पुन्हा लावली. त्या पडद्याला हात लावून रडल्या आणि मीही रडले.

मग मी सगळ्या डीव्हीडी पुसून त्यांच्या कॉप्या केल्या. मूळ डीव्हीडी डब्यांत घालून पुस्तकासारख्या उभ्या, उन्हापासून दूर ठेवल्या. साहेबांनी लेखी हुकूम काढला, ‘सदर डीव्हीडी अत्यंत सुरक्षित ठेवाव्यात.’

महिन्याभरानं त्याच गावचा दुसरा माणूस बाकावर येऊन बसला. मी डीव्हीडी मागवली. बडेबाबू हसतमुखानं आले. “आता पाणी पडलं तरी चिंता नाही मॅडम. साऱ्याच लॅमिनेशन करून आणल्या!”

भोकासकट प्लास्टिकमध्ये बंद, आता कुठल्या ड्राइव्हमध्ये जाणार! मी माझ्या कपाटातली कॉपी काढली. डीव्हीडी टिकवायची तर कडेनं धरा, सरळ पुसा, सावलीत उभी ठेवा. आणि एक कॉपी अशा ठिकाणी ठेवा, जिथे सुरक्षिततेचा हुकूम पोचत नाही.