डोमाजीभाऊंचे कान

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ नाही. एकदा मित्रांच्या बैठकीत जो तो आपापलं मन मोकळं करत होता, तेव्हाही मी चणे खात गप्प बसलो. मग तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, हेच कारण असेल. रस्त्यात भेटलात तर तुमच्यासमोर मान खाली घालावी लागणार नाही — बघा, कबुली द्यायला बसलोय आणि तिथंही आधी स्वतःची सोय पाहतोय.

माजरीला माझं दुकान होतं. लग्नाचं शूटिंग, आणि जुन्या कॅसेटवरून डीव्हीडी करून देणं. दोन हजार सालानंतरची चार-पाच वर्षं माझी होती. घरोघरी व्हीसीआर बंद पडलेले, कॅसेटींना बुरशी लागलेली, आणि कोळसाखाणीच्या वसाहतीत हे काम येणारा मी एकटा. निदान माझी तशी समजूत होती. लोक मला ‘इंजिनेर’ म्हणायचे. मी बारावी नापास. कुणाची चूक दुरुस्त केली नाही. का करावी? ऐकायला गोड वाटायचं.

डोमाजीभाऊ खाणीतून निवृत्त झालेले. मूळचे नदीकाठच्या गावचे, मासेमारी करणाऱ्या घरातले. तरुणपणी खाणीत लागले ते इथलेच झाले. मुलगा बल्लारपूरला, हे इथे एका खोलीत एकटे. पण एकटे असं तरी कसं म्हणू — दर गुरुवारी संध्याकाळी वसाहतीच्या देवळात भजन असायचं आणि खंजिरी त्यांच्या हातात असायची. आमच्याकडे भजन म्हणजे खंजिरी. गाणारा बदलला तर चालतो, खंजिरीवाला चुकला की सगळेच आपटतात. डोमाजीभाऊ तीस वर्षांत चुकले नव्हते. त्यांची बायको पार्बताबाई त्याच भजनात गायची. ती गेल्यावरही त्यांनी एक गुरुवार चुकवला नाही.

तिच्या गाण्याची एक व्हिडिओ कॅसेट त्यांच्याजवळ होती. ती घेऊन ते माझ्याकडे आले.

आता चूक सांगतो. चूक साधी होती, आणि चुकीबद्दल मी रडत नाही. त्याच आठवड्यात मी शाळेच्या गॅदरिंगसाठी गाण्यांमधला गायकाचा आवाज काढून नुसतं संगीत ठेवण्याचं काम केलं होतं. त्यासाठी संगणकात एका चौकटीत खूण करून आवाजाची एक बाजू उलटी करावी लागते. ती खूण मी काढायला विसरलो आणि तशातच पार्बताबाईंची डीव्हीडी करून टाकली. माझ्या दुकानात दोन मोठे स्पीकर, दोन टोकांना. तिथे आवाज ठणठणीत. डोमाजीभाऊंचा टीव्ही जुना, एकाच स्पीकरचा. त्याला डीव्हीडीच्या दोन्ही तारा एकत्र जोडणारी केबल मीच करून दिली होती. तिथे सुलटा आवाज आणि उलटा आवाज एकत्र आले की एकमेकांना खाऊन टाकतात. उरतं ते विहिरीच्या तळातून आल्यासारखं काहीतरी. दोन तारांतली एक उपटली असती तरी ती बाई खणखणीत गायली असती. एक तार!

पण हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. डोमाजीभाऊ डीव्हीडी घेऊन परत आले, भर दुपारी, दुकानात चार माणसं बसलेली.

“बाबू, फोटू दिसते, पन आवाज येऊन नाई राह्यला.”

मी लावून दाखवली. पार्बताबाई दुकानभर गायली. डोमाजीभाऊ काउंटरला धरून उभे राहिले, डोळे मिटून. मग म्हणाले, “इथी तं येते. घरी काऊन नाई येत? शिनेमाच्या डीव्हीडीचा येते ना.”

मला कारण माहीत नव्हतं. ‘माहीत नाही’ — एवढं म्हणायला काय झालं असतं? पण चार माणसं बघत होती आणि मी इंजिनेर होतो. मी म्हणालो, “भाऊ, डीवीडी बरोबर हाये. कान दुरुस्त करा आता.”

चौघे हसले. डोमाजीभाऊही हसले, थोडे उशिरा. तेवढ्यावर थांबलो असतो तर ती थट्टा ठरली असती. मी थांबलो नाही. मी शास्त्र सांगितलं. खाणीतल्या सुरुंगांनी कानाचं असंच होतं म्हणालो. माणसांचं बोलणं ऐकू येतं, सिनेमातला दणका ऐकू येतो, पण गाण्यातला बारीक सूर आधी जातो. कुठून काढलं हे मी? कुठूनच नाही. जिभेवर आलं आणि इतकं पटण्यासारखं आलं की माझा मलाच अभिमान वाटला.

पुढे ते दर दोन-तीन दिवसांनी यायचे. “जरासक लावता का, बाबू?” असं विचारून एक कोपरा धरायचे. बायकोचा आवाज त्यांना फक्त माझ्या दुकानात ऐकू येत होता. चार-पाच वेळा लावली. मग एकदा म्हणालो, भाऊ, गिऱ्हाइकं थांबलीत. ते परत तसं विचारायला आले नाहीत.

महिनाभराने हायस्कूलचे एक सर आले, तीच तक्रार घेऊन — डीव्हीडी त्यांची वेगळी, पण केलेली त्याच आठवड्यात. सरांना मी कानाचं सांगितलं का? छे! सरांना खुर्ची दिली, चहा मागवला, बसून शोधलं, आणि अर्ध्या तासात ती विसरलेली खूण सापडली. नवीन डीव्हीडी हातात ठेवून माफीसुद्धा मागितली. इतकी सहज मागता आली की आज आठवून अंगावर काटा येतो. सर शिकलेले, त्यांच्याशी खोटं चाललं नसतं. डोमाजीभाऊंशी चाललं होतं.

त्याच दिवशी मी त्यांचीही नवीन डीव्हीडी केली. वर नाव लिहिलं. देवळापाशी ते भेटतील म्हणून खिशात घालून गुरुवारी गेलोही. तिथे कळलं, डोमाजीभाऊंनी खंजिरी सोडली. मंडळींनी खूप समजावलं होतं. त्यांचं एकच — “बारीक सूर मले येत नाई. माया ताल चुकत असन अन् तुमी लाजेखातर सांगत नसान.” खंजिरी त्यांनी देवळात ठेवून दिली होती.

आता द्यायची कशी? डीव्हीडी दिली की विचारणार, आधी का वाजत नव्हती. मग आपले कान चांगले आहेत हे त्यांना कळणार, मंडळींना कळणार, त्या चौघांना कळणार. सगळ्या माजरीत हसं माझं झालं असतं. एक दिवस, दोन दिवस हसले असते लोक. त्या दोन दिवसांना मी घाबरलो. घरी येऊन डीव्हीडीचे दोन तुकडे केले आणि ओढ्यात फेकले. हे रागाच्या भरात केलं नाही. नीट विचार करून केलं.

त्यानंतर डोमाजीभाऊ खरोखरच बहिरे होत गेले — म्हणजे कान नाही, माणूस. कुणी हाक मारली तर आधी शंका घ्यायचे, मग वळायचे. चौकात गप्पा चालल्या की बाजूला सरकायचे, उगाच आपल्यामुळे दोनदा सांगावं लागतं म्हणून. मी रोज दुकानातून बघत होतो. दोन वर्षं. तुम्ही म्हणाल, दोन वर्षांत एक दिवस मिळाला नाही? रोजच मिळत होता.

शेवटी मुलगा त्यांना बल्लारपूरला न्यायला आला. तिथेच पुढे ते वारले. माजरी सोडण्याआधीच्या गुरुवारी मी देवळात होतो. डोमाजीभाऊ मागे, खांबाला टेकून बसलेले. भजन चाललं होतं, नवा खंजिरीवाला मधेच घसरत होता. आणि यांची बोटं धोतरावर ताल धरत होती. नवा चुकला की बोटं क्षणभर थांबत, तो सावरला की पुन्हा सुरू. एक ठोका इकडे नाही की तिकडे नाही. मी त्यांच्याजवळ जाऊन बसलो. ते माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, “बरोबर वाजवते ना तो पोरगा? मले काई समजत नाई आता.”

गजरात त्यांना सगळं ऐकू येत होतं. त्यांच्या शेजारी बसून हे ठाऊक असलेला मी एकटा होतो. मी त्यांच्या कानाशी तोंड नेलं, आणि बहिऱ्या माणसाशी बोलतात तसा ओरडून म्हणालो, “बरोबर वाजवते, भाऊ!”

त्यांनी मान हलवली. बोटं थांबली.