संकष्टीच्या दिवशीची गोळी

आत्या, म्हणजे वडिलांची थोरली बहीण, तरसालीला आमच्याच घरी राहायची. सत्तरीला आलेली. साठी उलटल्यावर तिला मधुमेह निघाला. त्याची गोळी ती सकाळी न चुकता घ्यायची आणि संकष्टीही न चुकता करायची, चंद्र दिसेपर्यंत नुसत्या पाण्यावर. ती गोळी रक्तातली साखर उतरवते आणि पोट रिकामं असलं तर नको तितकी उतरवते, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. डॉक्टर एवढंच म्हणाले होते, गोड बंद आणि गोळी चुकवायची नाही.

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होतो. घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच, म्हणून सगळे सगळं मला विचारायचे. मला बहुतेक वेळा काहीच ठाऊक नसायचं.

त्या संकष्टीला दुपारी आत्या भिंतीला टेकून बसली होती. घामाने चिंब, हात थरथरणारे. मला माझे वडील समजून ती काहीबाही बोलत होती. माझ्या वर्गात करजणहून येणारा एक मुलगा इन्शुलिन घ्यायचा. त्याचे हात असे कापायला लागले की तो खिशातली लिमलेटची गोळी तोंडात टाकायचा. मला खात्री नव्हती, तरी मी साखरेचं पाणी ढवळलं.

आईने माझा हात धरला. "डोकं फिरलंय का? मधुमेहाच्या माणसाला साखर?"

शेजारच्या गुजराती मासीही दारातूनच साखर नको म्हणाल्या, "ना बेटा, खांड ना आपशो."

"आणि उपास आहे तिचा," आई म्हणाली. "चंद्र उगवू दे."

"तोवर ती जगायला नको?" मी ओरडलो. आईवर मी कधी ओरडलो नव्हतो. ओढाताणीत अर्धा पेला सांडला. उरलेलं पाणी आत्याला घोट घोट पाजलं. थोड्या वेळाने तिने मला ओळखलं आणि म्हणाली, "मेल्या, मोडलास ना उपास."

दुसऱ्या दिवशी अकोट्याला डॉक्टरांकडे गेलो. आत्या समोर बसलेली असताना ते माझ्याशीच बोलत होते, तेही इंग्रजीत. मग म्हणाले, "शिकलेले दिसता. उपास कशाला करू देता?"

इतक्या वर्षांत तुम्ही एकदा तरी विचारलंत का, असं मला त्यांच्या तोंडावर म्हणायचं होतं. निघालं ते एवढंच, "साहेब, उपासाच्या दिवशी गोळीचं काय करायचं?"

"उपास करायचाच नाही."

"त्या करणारच."

त्यांनी पुढच्या पेशंटसाठी घंटी वाजवली. मी उठलो नाही. दार उघडून कुणी आत डोकावलं, तरी उठलो नाही. शेवटी त्यांनी पेन उचललं, गोळी बदलून दिली आणि पहिल्यांदाच आत्याकडे वळून गुजरातीत तिच्या खाण्याचं विचारलं, "बा, दिवसभर शुं खाओ छो?"

आत्या माझ्याकडे बघत राहिली. तिला वाटलं, हेही मलाच विचारलंय.