दहा डॉक्टरांचा फ्रेंचचा वर्ग

आमच्या फ्रेंचच्या वर्गात आम्ही अकरा जण होतो. आज त्यातल्या एकालाही धड चार वाक्यं बोलता येणार नाहीत. मलाही नाही, खोटं कशाला बोलू! पण कुणाच्या लग्नात, जत्रेत दोघं-तिघं भेटलो की विषय निघतोच, आणि मग पानातलं जेवण थंड होतं. भाषा गेली, किस्से तेवढे राहिले. दर खेपेला कुणीतरी एखादा नवाच काढतो. मी आपले खरे तेवढेच सांगते.

*

गोवा मुक्त होऊन फार वर्षं झाली नव्हती. आमची शाळा पेडण्याच्या आतल्या बाजूला. एक दिवस हेडसर आठवीच्या वर्गात आले नि म्हणाले, "यंदापासून फ्रेंच सुरू. कोण कोण घेणार?"

एक हात वर येईल तर शपथ!

"फ्रेंचचा वर्ग मैदानाकडच्या खोलीत भरेल," सर म्हणाले.

अकरा हात वर!

शिकवायला आल्या शैला टीचर. साखळीहून दोन बस बदलून यायच्या. वय असेल बावीस-तेवीस, आणि नोकरी कच्ची. हेडसरांनी पहिल्याच दिवशी आमच्या देखत सांगून टाकलं, "दिवाळीनंतर इन्स्पेक्टर येणार. त्यांना पसंत पडलं तर फ्रेंच राहील. नाही पडलं तर वर्ग बंद, आणि टीचर, तुम्ही घरी."

टीचर हसल्या, पण त्यांच्या हातातला खडू मोडला. घरात मिळवणाऱ्या त्या एकट्याच होत्या, हे आम्हाला मागाहून कळलं. पण त्या खडूपासूनच आम्हाला त्या आवडायला लागल्या.

*

घरी सांगितलं तर आजोबा भडकले. ते पोर्तुगीज शाळेत शिकलेले.

"एक गोरो घालवलो, आता दुसऱ्याची भास घरात हाडतंस गो?"

दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मी पाठ वाचत बसले होते, तर राहवेना त्यांना. "अगो, नाकातल्यान बोल! नाकातल्यान!"

मी बोलायचा प्रयत्न केला. जमेना. पुढच्या आठवड्यात मला सडकून सर्दी झाली. वर्गात पाठ वाचला आणि टीचर खूश! "बघा, याला म्हणतात उच्चार!"

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत सगळा वर्ग विहिरीवर डोकी भिजवत उभा. माझी सर्दी बरी झाली आणि पहिला नंबरही गेला.

*

पुस्तकात एक धडा होता. एक फ्रेंच माणूस सकाळी उठतो, कोट घालतो, चालत बेकरीत जातो आणि पाव घेऊन येतो.

इब्रामपूरचा वासू उठला. "टीचर, थंय पोदेर पाव घेवन सायकलीर दारात येयना?"

"नाही रे. तिथे लोक स्वतः दुकानात जातात."

"थंडीतसुदा?"

"थंडीतसुद्धा."

वासू खाली बसता बसता म्हणाला, "बिचारे! सुधारतले हळूहळू."

*

मग आला 'माझे वडील' हा पाठ. पुस्तकातल्या मुलाचे वडील डॉक्टर. आमचे कुणाचे खाणीवर, कुणाचे ट्रकवर, कुणाचे शेतात. पण पुस्तकात होतं तेवढंच आम्ही पाठ केलेलं. टीचरनी एकेकाला उभं केलं. पहिली मुलगी म्हणाली, "मों पॅर ए मेदसँ." माझे वडील डॉक्टर. दुसराही तेच. तिसराही तेच!

शेवटी टीचरनी कपाळाला हात लावला. "एका वर्गात इतके डॉक्टरांचे बाप... अरे, बाप डॉक्टर! आणि काल मला ताप आला तर अख्ख्या गावात गोळी मिळाली नाही!"

फक्त वासू अडून बसला. "माझो बापूस देवळात गुरव. ता कसा सांगाचा?"

टीचरनी पुस्तक चाळलं, घरी जाऊन डिक्शनरी चाळली. दोन दिवसांनी म्हणाल्या, "वासू, फ्रान्सात गुरव नसतो रे."

वासूचा विश्वासच बसेना. "मगे देवाक गाऱ्हाणा कोण घालता?"

*

आमच्याकडे पेरणी असो, लग्न असो, कोर्टाची तारीख असो, आधी देवळात गाऱ्हाणं. गुरव हात जोडून देवाला सगळी हकीकत सांगतो आणि प्रत्येक वाक्यामागे जमलेले लोक म्हणतात, "व्हय म्हाराजा!" एक जरी वाक्य होकाराशिवाय रिकामं गेलं तर ते देवाला पोचत नाही, असं वासूचा बाप सांगायचा.

हा वासू फ्रेंचमध्ये दुसऱ्या वाक्यावर अडायचा. कायम! पण बापाचं अख्खं गाऱ्हाणं त्याला तोंडपाठ. एकदा टीचर वैतागून म्हणाल्या, "मग त्या चालीत म्हण बाबा, पण म्हण!"

वासूने डोळे मिटले, हात जोडले आणि सगळा पाठ घडाघडा म्हणून दाखवला. आम्हाला कुठलं राहवतंय! दर वाक्याला दहा जणांचं "व्हय म्हाराजा!" हेडसर धावत आले. त्यांना वाटलं शाळेत कुणाच्या अंगात वारं आलं!

टीचर पांढऱ्याफटक पडल्या. "इन्स्पेक्टरसमोर हे केलंत तर माझी नोकरी गेली. घ्या शपथ."

आम्ही दहा जणांनी गावच्या रवळनाथाची शपथ घेतली. वासू काय करील ते मात्र त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं.

*

इन्स्पेक्टर आले. टाय, चकचकीत बूट, चेहऱ्यावर माशी हलत नाही. बोलणं फ्रेंच नाहीतर इंग्लिश, तिसरी भाषाच नाही. टीचर नवी साडी नेसून फळ्याला टेकून उभ्या होत्या.

पहिलं मलाच उठवलं. विचारलं, नाव काय? मला नावच आठवेना! माझंच!

मग एकेकाला वडिलांबद्दल विचारलं. डॉक्टर. डॉक्टर. डॉक्टर. दर डॉक्टरला साहेबांची भुवई वर चढत होती. सातव्या डॉक्टरला त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि वहीत काहीतरी लिहायला घेतलं. टीचरचे डोळे भरून आले. मला इतकं वाईट वाटलं की काय सांगू! दहा डॉक्टर संपले.

राहिला वासू.

"बोंजूर म्स्यो," म्हणाला आणि अडला. टीचरकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं. मग त्याने सावकाश डोळे मिटले आणि हात जोडले.

मेलो आपण, मी मनात म्हटलं.

"ज मापेल वासुदेऽऽव!" देवळातलीच चाल, देवळातलाच आवाज. आधी नाव, मग गाव, मग बाप. "जाबीत आ इब्रामपूऽऽर! मों पॅर ए गुरऽऽव!"

आणि थांबला. होकारासाठी.

आम्ही दहा जणांनी ओठ दाताखाली धरले. शपथ म्हणजे शपथ. वाक्य तसंच रिकामं राहिलं.

साहेबांनी पेन खाली ठेवलं, खुर्चीतून उठून उभे राहिले, हात जोडले आणि खणखणीत आवाजात म्हणाले,

"व्हय म्हाराजा!"