ढगातलं तेजाब

हैदराबादेत मी काय काम करते ते सांगायला सोपं आहे. खूप उंचावर, विमानं जातात तिथल्या ढगांत पाणी नसतं, बर्फाचे बारीक कण असतात. हवेतलं नायट्रिक आम्ल त्या कणांना चिकटतं. कण जड होऊन खाली येतात, वाटेतच विरतात आणि आम्ल तिथल्याच हवेत सोडतात. किती चिकटतं, ते आम्ही मोजतो.

दिवाळीला जैनथजवळच्या आमच्या गावी गेले, तेव्हा काकांच्या ओसरीवर एवढंच सांगितलं. ऐकायला गावचा कृषी केंद्रवाला होता. औषधाच्या डब्यावरचं कधी न वाचता औषध विकणारा हा महात्मा. त्यानं लगेच माझा सत्कार ठरवला.

देवळापुढे शाल, नारळ आणि खरखरणारा माईक. "आपल्या ताईनं शोधून काढलं! ढगात तेजाब हाय! कपाशी लाल काऊन पडून राह्यली? वरून तेजाब पडून राह्यलं!" आणि त्यावरचा उतारा म्हणून त्यानं आपल्या दुकानातलं पांढऱ्या पावडरीचं पाकीट उंच धरलं.

मी माईक घेतला. "ते आम्ल इथवर येतच नाही. हा लाल्या आहे. जमिनीत मॅग्नेशियम कमी पडलं की पानं लाल होतात."

"पाहा! आम्ल हाय, हे ताईच म्हनून राह्यल्या!" त्यानं माईक ओढून घेतला. कडकडून टाळ्या. अर्धं वाक्य ऐकून टाळी वाजवायची कला आमच्या गावाकडून शिकावी.

घरी आले तर काकांच्या हातात पाकीट.

"काका, ते खाली येत नाही, असं मी तुमच्यासमोर सांगितलं ना?"

"तू एकटी म्हनतं. त्याले तर साऱ्या गावानं टाळ्या वाजवल्या."

काकांनी फवारणी केली. कपाशी चुना फासल्यासारखी दिसू लागली, लाली तशीच. विहिरीकडचा तुकडा तेवढा काकूनं अडवून धरला. "माह्या वाट्याले पोरगी सांगते तेच मारीन," ती म्हणाली. मी आदिलाबादहून मॅग्नेशियम सल्फेट आणलं आणि आम्ही दोघींनी फवारलं. लाल झालेली पानं काही सुधारली नाहीत, पण आठ-दहा दिवसांत नवी हिरवी फुटली.

काकांनी शेताच्या धुऱ्यावर उभं राहून ती पाहिली, मिशीवरून हात फिरवला.

"वाऱ्यानं आमची पावडर तिकडं उडाली असंन."

काकूनं कपाळाला हात लावला. मी दुसऱ्या दिवशीची बस धरली.