फ्रेंच मास्तर, मृगजळ आणि माझा हट्ट

"बाबा, या की एकदा कतारला," असं मुलगी कधीची म्हणत होती आणि मी टाळत होतो. मग कळलं, माझा जुना विद्यार्थी इक्बाल दोह्यातच पाइप फिटर आहे आणि त्याची फोरमनची परीक्षा आहे. पास झाला तरच त्याला बायको-मुलीला तिकडे नेता येणार होतं. झालं! रत्नागिरीत तीस वर्षं इंजिनिअरिंग ड्रॉइंग शिकवलेल्या माणसाला आणखी काय आमंत्रण लागतं?

जाणार असाल तर नोव्हेंबरात जा, ऊन सोसवतं. मुलीचं घर दोह्यातल्या अल नस्र भागात. खाली एका रियालला, म्हणजे आपल्या बावीस-तेवीस रुपयांत, दाट दुधाचा चहा मिळतो. शुक्रवारी दुपारी दुकानं बंद असतात, पोटाची सोय आधीच करा.

पहिल्याच शुक्रवारी जावयानं गाडी काढली. इंडस्ट्रियल एरियातून इक्बालला घेतलं आणि दुखानच्या रस्त्याला लागलो. पुढे डांबरावर पाणी चकाकलं. मृगजळ! मी सुरू झालोच.

"हे कोडं सोडवलं आपल्या फ्रेंच मास्तरानं!"

अठराव्या शतकातला हा गणितज्ञ. नाव वर्गात कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून तो आमचा फ्रेंच मास्तर. साध्या व्यापाऱ्याचा पोरगा. किल्ल्याच्या बांधणीची किचकट आकडेमोड त्यानं कागदावर रेघा मारून सोडवली. इतक्या झटपट उत्तर आलं म्हणून अधिकारी तपासायलाच तयार होईना! पुढे हीच रीत लष्करानं वर्षानुवर्षं गुपित ठेवली. सैन्याबरोबर तो इजिप्तला गेला, तिथे मृगजळाचा उलगडा केला. वस्तू एकाच कागदावर समोरून आणि वरून दाखवायची, ही आमची सगळी विद्या त्याचीच.

झेक्रीत इथले वाऱ्यानं कोरलेले खडक पाहून सावलीत डबा उघडला. पाणी भरपूर न्या, तिथे टपरीसुद्धा नाही. इक्बालनं सरावाचा कागद काढला.

"अरे, डावीकडून दिसतं ते उजवीकडे काढायचं. विसरलास?"

"सर, इथं जरा..."

"नियम म्हणजे नियम!"

त्यानं खोडून उजवीकडे काढलं.

मंगळवारी तो खजुरांचा डबा घेऊन आला. "खलास, सर. ड्रॉइंग वाचून जोडणी करायची होती, फाट्याचा पाइप उलट्या अंगाला लागला. आता सहा महिन्यांनी पुन्हा परीक्षा."

मी परीक्षेचा कागद बघायला मागितला. कोपऱ्यातली, ड्रॉइंगची पद्धत सांगणारी खूण पाहिली आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. तिथल्या ड्रॉइंगमध्ये डावी बाजू डावीकडेच काढतात. आपल्याकडे उलट.

"तुला ठाऊक होतं?"

"चार वर्षं तेच करतोय, सर. पण तुम्ही सांगितलंत, म्हटलं परीक्षेत तसंच असेल."

परतीच्या विमानात मला स्वतःचीच लाज वाटत होती. न तपासता नाकारणाऱ्या अधिकाऱ्याची गोष्ट रंगवून सांगणाऱ्या मी त्या पोराचं निम्मं वाक्यही ऐकलं नव्हतं.

परतल्यावर दुसऱ्याच दिवशी एसटीनं राजापूरला त्याच्या घरी गेलो. त्याची बायको नसीम म्हणाली, "ते तर म्हणाले, माझाच हात चुकला."

"नाही गं. मी चुकवला."

ती मुलीच्या वेणीला रिबीन बांधत राहिली. मग म्हणाली, "सर, ते माझं ऐकायचे नाहीत, तुमचं ऐकतात. तुम्हीच सांगा त्यांना, पुढच्या वेळी तुमचं ऐकू नका म्हणून."

मी तिच्यासमोरच इक्बालला फोन लावला.